मेहरबी आपाच्या पेटीचं पोट

"हात काढा! पयले हात काढा त्या पेटीवरून दौलतराव, मंग काय बोलाचं ते बोला!"

...असं मी म्हन्लं. म्हन्लं म्हंजे काय, वरडलीच, तुमाले खोटं कायले सांगू! अन् काहून नाई वरडनार? घंटाभर झाला होता, तो मानूस मेहरबी आपाच्या ओसरीत बसून, तिचाच चहा पिऊन, तिलेच सांगून राह्यला होता का बाई, ही पेटी तुही नाई, माह्या आजोबाची हाये, तुह्या नवऱ्यानं दुरुस्तीले म्हनून नेली अन् तशीच दाबून ठेवली! नवरा म्हंजे जमशेदभाई. सारी उमर कामरगावात टिनाचं काम केलं त्या मानसानं, पेट्या, चाळन्या, नरसाळे... जाऊन नऊ वर्सं झाले. अन् आता त्याच्यावर चोरीचा आळ! मेलेला मानूस काय उठून सांगनार हाये का बापा, मी नाई घेतली म्हनून? आन् आपा काई बोलेच ना. सत्तरीची बाई, पदराचं टोक दातात धरून बसली, नजर पेटीवर. घरात जमशेदभाईच्या हातचं तेवढंच तं राह्यलं होतं.

बरं, हा दौलतराव कोन, तं वाशीमचा. हापिसात कारकुनी केली, रिटायर झाला, अन् रिटायर मानसाले काईतरी लागतेच... कोनाले भजन लागते, कोनाले पत्ते लागते, याले जुन्या पेट्या लागल्या! जीप करून गावोगाव हिंडते, लोकायच्या माळ्यावरच्या पेट्या उतरवते, वाकून वाकून पाह्यते अन् साल सांगते. साल! जसा काई पेटीच्या बारशाले हजर होता अन् घुगऱ्या खाऊन आला! मुंबईले म्हने मोठे लोक अशा पेट्या बैठकीत मांडतेत, वरतून काच ठेवतेत अन् त्याच्यावर चहा पितेत. घ्या! आमी लहानपनी पेटीवर बसलो तं माय पाठीत रट्टा देये, अन् तठी कपबश्या मांडतेत!

त्यानं खिशातून भिंग काढलं, एक डोळा मिटला, अन् सुरू... "हंऽऽ! कोपऱ्यांना पितळ आहे. झाकण फुगीर आहे, म्हणजे बोटीच्या प्रवासाची, पाणी निथळून जावं म्हणून. कुलपाची पट्टी लांब आहे. सन एकोणीसशे पाच! फार तर सहा!" अन् मंग, तुमाले सांगतो, नाक आत खुपसलं अन् वास घेतला! "हा गंज साठ वर्षांच्या वरचा आहे." गंजाचा वास घेऊन साल सांगते बाई हा मानूस! आमच्या इहिरीच्या रहाटाचा वास देल्ला असता तं रामरावणाच्या काळात नेऊन ठेवला असता त्यानं!

मी म्हन्लं, "दौलतराव, पेटीचं वय झाकनावर नसते. पोट पाहा, पोट!"

तं म्हनते कसा, "बाई, आपण किती शिकलात?"

असं इचारलं त्यानं. मले! आता हे इचारलंच हाये तं सांगावंच लागते, थोडा दम धरा, पेटी कुठी पळून नाई चालली.

मी बावीस-तेवीस वर्साची होती, जनमसाल कोनाले माईत? कपाळाचं कुंकू गेलं, सासरच्यायनं बाहेर काढलं, अन् मी एका दिवसाच्या मजुरीले जमशेदभाईच्या दुकानात गेली. तवा आमच्या वस्तीतल्या बाईले गावात कोन ओसरी चढू देये? पानी वरतून ओतेत, पैसा खाली फेकेत. अन् ही मेहरबी... पोटुशी होती, वाकता येत नव्हतं तिले... हात धरून मले आत घेतलं, म्हने, "बैठ इधर. पेटी के अंदर कागज चिपकाना है." जवारीच्या पिठाची खळ शिजवाची, जुन्या वर्तमानपत्राले फासाची, अन् पेटीच्या आतून अस्तर लावाचं, हे काम. मी लावलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बोंबलत आलं, "सारं पत्र उलटं लावलं हो! पुढाऱ्याचे पाय वर अन् टोपी खाली!" जमशेदभाई असा हासला, असा हासला... पन मले नाई हासला, त्या पुढाऱ्याले हासला. अन् मंग जवळ बसून एक अक्षर दाखवलं. "ये देख. ये 'क' है. तेरे नाम का." तो सोता दुसरीतून शाळा सुटलेला! बस, तेवढा 'क' त्यानं देल्ला, बाकीचे मी उकरून काढले. ज्या पेटीले कागद लावे तिच्यात डोकं घालून बसे. गिऱ्हाईक म्हने, बाई पेटीत पडली का काय! चार वर्सात सारं वाचाले शिकली मी, तेई पेटीत वाकून. अजूनई सरळ बसून वाचलं तं मले समजत नाई, मान खाली घालाच लागते!

म्हनून दौलतरावाले म्हन्लं, "मी किती शिकली? या पेटीइतकी शिकली. पोट पाहा, पोट!"

कारन माही शाळा म्हंजे हीच पेटी! आपाची! माह्यासमोर घडली, माह्या हातानं अस्तर लागलं. झाकनाच्या आत डाव्या कोपऱ्यात एक औषधाची जाहिरात होती... 'पोटदुखीवर खात्रीचा उपाय'... आयुष्यात पयलं अख्खं वाक्य वाचलं मी ते. वाचलं अन् रडली. आपा घाबरली, म्हने, "पेट दुखता क्या गे?"

तं दौलतराव हे सारं आयकून काय म्हनते? "साक्षीदार घरचाच आहे. पुरावा हवा." अन् खिशातून फोटो काढला! त्याचा आजोबा पागोटं बांधून खुर्चीत बसला, अन् पायापाशी पेटी. तुमाले खरं सांगतो, मी फोटो हातात घेऊन दोनदा पाह्यला. तीच पेटी! तेच फुगीर झाकन, तेच पितळ, तेच लांब कुलूप... ओसरीखाली सारा मोहल्ला जमला होता, त्याच्यातून लिलाबाई म्हने, "तशीच तं दिसते गे केशर." अशी शेजीन असली का वैरी लागत नाई!

मी म्हन्लं, ठीक हाये. आतला कागद वाचा, त्याच्यावर तारीख हाये, एकोनचाळीस सालची. तुमचा आजोबा तवा कुठी होता? तं म्हने, "ते पस्तीस सालीच वारले." मंग? मंग म्हने, "पण कागद हा पुरावा होत नाही. अस्तर मागाहून बदलतात."

अन् सांगू का? बरोबर बोलला मेला! त्याच्या साऱ्या बोलन्यात तेवढंच एक खरं होतं. नवं लुगडं नेसलं म्हनून म्हातारी तरनी होते काय? मीच अशा कितीक जुन्या पेट्यायले नवे कागद लावले. अस्तर नाई, रंग नाई, पितळ तं नाईच नाई... अस्सल पाहाचं असंल तं पोट पाहा, अन् पोट म्हंजे कागदाच्याई आतलं, पत्रा! अन् पत्रा पाहाचा म्हंजे कागद फाडाचा.

आता मले समजलं का आपा घंटाभर मुकी काहून बसली होती. तिले माईत होतं ना आत काय हाये! मी तं इतक्या वर्सात इसरलीच होती, खालचा पत्रा कोनता ते. एक शब्द बोलली असती तं तठीच निकाल लागला असता. पन नाई बोलली. मी पान्याचं भांडं घेतलं, हात ओले केले, तं तिनं माह्यं मनगट धरलं अन् म्हने, "मत फाड, केशर. ले जाने दे उसको. वो तेरा मदरसा है."

आता सांगा! नवऱ्याची शेवटची वस्तू चालली, नवऱ्याचं नाव मातीत चाललं, अन् ही बाई माह्या कागदाले जपून राह्यली! असं मानूस मिळते काय कोनाले? सख्खी बहीन करंल काय? मी सारी उमर तोंडाची तिखट, माह्यापुढं फौजदार गप होते, पन तवा हळूच तिचे बोटं मनगटावरून सोडवले. मंग म्हन्लं, "आपा, शाळा माह्या डोक्यात उतरली, आता भिताड पडलं तरी पडू दे." अन् लावले ओले हात. पस्तीस वर्साची खळ, सोडते काय सहजी! आधी तारीख निघाली, मंग एक पुढारी निघाला, हा सुलटा, मंग 'खात्रीचा' निघाला, 'उपाय' निघाला... नखानं नखानं काढलं, तुकडे पदरात धरले. पदर बी ओला झाला, डोळे बी.

अन् खाली काय? हत्ती!

हो! घासलेटच्या पिप्यावरचा हत्ती! मोठ्ठा, सोंड वर केलेला! एक नाई, पाच हत्ती, पाच पिपे उभे चिरून, ठोकून सपाट केले अन् झाळून जोडले होते जमशेदभाईनं. चार सरळ अन् एक उताना, पाय आभाळाकडं! वरतून काळा रंग देल्ला, कोपऱ्याले जुन्या समईचं पितळ कापून बसवलं, झाकन वाकवलं तं ते मडक्यावर ठोकून. अन् दौलतराव म्हनते बोटीची! बोटीत नाई बसली बापा, ती घासलेटच्या दुकानातून आली!

साऱ्या मोहल्ल्यानं हासून हासून आंग टाकलं. जीपवाला हेमसिंग, तो तं भाडं घ्याचं सोडून भोंगा वाजवत बसला. लिलाबाईई हासली, सगळ्यात मोठ्यानं, जसं काई तिनंच हत्ती काढले! दौलतराव भिंग घेऊन वाकला, उतान्या हत्तीवर भिंग धरलं, अन् धरून तसाच राह्यला. त्याचंई वाईट वाटलं मले... थोडं.

तवा आपा बोलली. हळूच. म्हने, "दौलतराव, तुम्हारे दादा की पेटी आई थी दुकान में, उनके गुजरने के बाद, तीन दिन. मैंनेच जिद करी थी, मेरेको बी वैसी होना, माहेर जाने को. उन्होंने सुतली से नाप लिया, पितल का नक्शा उतारा, और चौथे दिन पेटी सिर पे उठाके रिठद, तुम्हारे दादा के घर, पैदल पहुंचाई. फिर मेरी बनाई. और मैं..." अन् आपा जराशी लाजली, सत्तराव्या वर्सी, "...मैं कहीं गई नहीं. पर पेटी थी तो लगता था, कबी बी जा सकती."



दौलतरावानं फोटो खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. चेहरा कसा, जसं काई त्याचा आजोबा आत्ताच दुसऱ्यांदा वारला. मंग अगदी बारीक आवाजात म्हने, "मग आजोबांची पेटी गेली कुठं? इथं आली, एवढं तरी खरं ना? आली ती परत गेली कशावरून?"

म्हंजे पुन्हा तेच! हत्तीनं सोंड दाखवली तरी मानूस हटेना! मी पदरातले कागद नीट धरले, आपाच्या बाजूले जाऊन बसली, तिच्या मांडीले मांडी लावून, अन् म्हन्लं:

"दौलतराव, या घरात जे जे मोडकं आलं, ते ते सुधरून ज्याच्या त्याच्या घरी परत गेलं... गेली नाई अशी एकच हाये, ते मी."