वकीलसाहेबांचं पोट

विमला : हात वर करू?

प्रतापराव : कर. छाती फुगवू नकोस. खोटं माप मला कळतं.

विमला : अण्णा, आपण शाळेची पिशवी शिवतो आहोत. तिला माझी छाती कशाला?

प्रतापराव : मी शिंपी आहे. आत माणूस असल्याशिवाय मला कापड कळत नाही. वळ.

विमला : काल चिकपेटचा आख्खा बाजार फिरलो. ती खाकी पिशवी घेतली असती तर एव्हाना जेवून झालं असतं.

प्रतापराव : ती लढाईतली, शिपायाच्या पाठीची. तिच्यात तू, तुझी पुस्तकं आणि सायकल, सगळं मावत होतं. मग चालवायचं कुणी?

विमला : चामड्याची?

प्रतापराव : बकऱ्याचा वास येत होता.

विमला : बकऱ्याचंच चामडं होतं ते.

प्रतापराव : मान्य. पण ते अजून विसरायला तयार नव्हतं.

विमला : मग ती पत्र्याची, पट्टे लावलेली?

प्रतापराव : पाठीला पेटी बांधलेली मुलगी सर्कशीतून पळाल्यासारखी दिसते. तुझ्या आत्यानं दारातच अडवली असती.

विमला : आत्या तशीही अडवणारच.

प्रतापराव : अक्काची अट एकच आहे. हायस्कुलात सायकलनं जायचं तर दोन्ही हात हँडलवर. पिशवी हातात नको, हँडलला नको. तिला पटलं तर उद्यापासून शाळा. नाही पटलं तर माझ्यासमोर बसून काजं-बटणं.

विमला : चालत जाईन.

प्रतापराव : तू पोचशील तेव्हा शाळा सुटलेली असेल. रोज नुसता निरोप घेऊन परत यायचं.

विमला : एकदाच तर पडले मी.

प्रतापराव : पडलीस असं कोण म्हणतं? हँडलची पिशवी चाकात गेली आणि तू वरातीच्या ढोलात गेलीस.

विमला : ढोलवाला वाजवायचा थांबला नाही. मी आतच होते.

प्रतापराव : वरात थोडीच थांबते?

विमला : नवरदेवानं मला नमस्कार केला. त्याला वाटलं, आहेरात आले.

प्रतापराव : हे अक्कासमोर सांगू नकोस. तू घरी आलीस तेव्हा ती उंबऱ्यावर बसली ती उठेचना. हं, आता घाल. टाचण्या सांभाळ.

विमला : अण्णा.

प्रतापराव : बोल.

विमला : हे जाकीट आहे. उलटं.

प्रतापराव : जाकीट होतं. मागची बाजू कापून टाकली, नुसती बकलाची पट्टी ठेवली. ती पुढे आवळायची. बटणं मागे, पोट मागे. पोटाला अस्तर लावलं, झाली पिशवी.

विमला : पोट कुणाचं?

प्रतापराव : त्रिविक्रमराव वकिलांचं.

विमला : त्यांना विचारलं?

प्रतापराव : माप त्यांचं, कापड माझं. तुझी पुस्तकं, डबा, दौत, भूमितीची पेटी, सगळं इथं टेबलावर रचून पाहिलं. एवढं भरायला काय बेतावं ते सुचेना. मग आठवलं, एवढं मावणारा आपल्या पेठेत एकच माणूस आहे.

विमला : वर्गातल्या मुली विचारतील.

प्रतापराव : सांग, अण्णांची नवी पद्धत. पोटाचं नाव काढू नकोस. गिऱ्हाइकाचं माप बाहेर सांगायचं नसतं.

विमला : फक्त पाठीवरून मिरवायचं. आणि ही कॉलर?

प्रतापराव : कॉलर नसली की कापड उघडं वाटतं मला. स्वल्प, थोडीशी स्टाईल नको?

विमला : वरचा खिसा?

प्रतापराव : रुमालाला.

विमला : माझ्या पाठीवरच्या रुमालाला माझा हात कसा पोचणार?

प्रतापराव : मागून येणाऱ्याला लागला तर. नीट उभी राहा, अक्का आली.

(अनुसूया दारात उभी. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या, काखेत भोपळा.)

अनुसूया : प्रताप, हे काय आहे?

प्रतापराव : शाळेची पिशवी, अक्का.

अनुसूया : तिला कॉलर आहे.

प्रतापराव : आहे खरी.

विमला : आत्या, सगळं भरलंय आत. हे बघ हात. दोन्ही मोकळे.

अनुसूया : दौत कुठंय?

विमला : घड्याळाच्या खिशात. उभीच्या उभी राहते.

अनुसूया : वाक. आता उडी मार. मान वळवून मागं बघ. सांडली?

विमला : नाही.

अनुसूया : पिशवी चाकाकडे जाते का?

विमला : तिला चाक दिसतच नाही, आत्या.

अनुसूया : काढ. तुला आज धोंडासुद्धा हलका वाटेल. मी घालून बघते.

प्रतापराव : अक्का, अजून कच्ची शिलाई...

अनुसूया : मग पक्की होईपर्यंत थांबेल हिची शाळा. पट्टी आवळ, विमले. एवढी नको, श्वास घ्यायचाय मला. सरी, ठीक आहे. आता माझ्या पिशव्याही आत टाक.

विमला : भोपळा?

अनुसूया : तो काय इथं राहायला आलाय?

विमला : मावला, अण्णा.

प्रतापराव : मावणारच. माप खरं आहे.

अनुसूया : सरका. जरा चालून बघते.

विमला : अण्णा, ती बोळाच्या टोकाला गेली.

प्रतापराव : मला बघवत नाही. शिवण सुटली का?

विमला : नाही. समोरून सायकलवाला आला.

प्रतापराव : मग?

विमला : तो उतरून उभा राहिला. आली परत.

अनुसूया : जा उद्या.

विमला : शाळेत? सायकलनं?

अनुसूया : दुसरं कुठं? दोन्ही हात हँडलवर. आणि वरात दिसली की उतरायचं, लग्न लागेपर्यंत चढायचं नाही.

प्रतापराव : हुश्श. तोंडातल्या टाचण्या काढतो आता. मघापासून गिळता गिळता राहिल्या.

विमला : अण्णा, तुम्ही का घामाघूम?

प्रतापराव : काजं-बटणं फार वाईट करतेस तू. दुकान बुडालं असतं.

विमला : आत्या, दे ना ती इकडे. पुस्तकं आहेत माझी.

अनुसूया : थांब जरा.

प्रतापराव : तुलाही एक शिवू का, अक्का? बाजाराला?

अनुसूया : कॉलर नको.

प्रतापराव : बरं.

अनुसूया : इतकी वर्षं बाजारातून येते, पण हात असे कधी रिकामे नव्हते. बघ, नुसते लोंबतायत. यांचं करायचं काय?

विमला : काही नाही, आत्या. चालताना हलू द्यायचे.