बिनपाण्याचे इंजिन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय माणिकराव साहेब, जिंतूरहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे सूर्यभानराव, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत बत्तीस वर्षे हातोडा चालवूनही स्वतःचा आवाज कधी न चढवलेले लिंगराजअप्पा, चन्नबसम्मा वहिनी, पहिल्या रांगेत बरोबर पंख्याखाली बसलेल्या अप्पांच्या मातोश्री मल्लम्मा आई, माझे सहकारी, आणि चहा येईपर्यंत शांत बसण्याचे कबूल केलेले विद्यार्थी मित्रहो,

मला पाच मिनिटे दिली आहेत. मी मराठी शिकवतो हे ठाऊक असूनही दिली आहेत. याबद्दल आभार.

आधीच्या वक्त्यांनी अप्पांचा वक्तशीरपणा सांगितला, साधेपणा सांगितला, निर्व्यसनीपणा दोघांनी सांगितला. माझ्यासाठी एकही विशेषण उरलेले नाही. म्हणून मी गुणांबद्दल न बोलता एका इंजिनाबद्दल बोलतो.

सभागृहाबाहेर एक लाल गाडी उभी आहे. येताना आपण सर्वांनी तिला हात लावला आहे. काचेवर बोटे उमटली आहेत. ज्वारीवर संशोधन करायला आलेला एक जर्मन साहेब मायदेशी जाताना ही गाडी मागे ठेवून गेला. शर्यतीची गाडी. दोन माणसांची, बुटकी. ती तीन पावसाळे एका कडुलिंबाखाली उभी होती. इंजिन जाम झाले होते. भंगारवाल्यालाही ती नको होती, तेव्हा अप्पांनी घेतली. ताडकळसच्या सटवाजींनी आपले बैल दिले. वाऱ्याशी शर्यत लावायला केलेले ते वाहन परभणीच्या स्टेशन रोडवरून बैलांच्या चालीने आले.

गल्ली जमली. लोकांनी पुढचे झाकण उघडले. आत काहीच नव्हते. अप्पांना कुणीतरी फसवले, असे ठरले. दोन म्हाताऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. मग अप्पांनी मागचे झाकण उघडले. इंजिन तिथे होते.

सटवाजी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारले, "अप्पा, ह्याला पानी कुठं टाकायचं?"

"पाणी नाही लागत. वाऱ्यावर थंड होतं."

"थेंबबी न्हाई?"

"थेंबही नाही."

सटवाजींनी बैलांकडे पाहिले. "मंग हे आपल्या मुलखात व्हायचं. तिकडं कशापायी केलं?"



अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑगस्टात शाळा बंद होत्या. नामांतराच्या त्या दिवसांत बाहेर काय चालले होते, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला आपापल्या जागेवरून ठाऊक आहे. तो आजचा विषय नाही. अप्पांनी त्या बंद दिवसांत इंजिन खाली उतरवले आणि ओसरीवर घेतले. पुढची दोन वर्षे ते ओसरीवर होते.

त्या घरी मी रोज संध्याकाळी जात असे. माझे काम बत्ती धरण्याचे. सिलिंडरभोवती पातळ पातळ चकत्या असतात, त्यांच्यामधून पंख्याचा वारा फिरतो. त्या चकत्यांमध्ये उंदरांनी कापूस भरून ठेवला होता. चांगला, लांब धाग्याचा कापूस. अप्पांनी तो खिळ्याने चार दिवस काढला. वहिनींनी त्याच्या वाती वळल्या.

नटबोल्ट लोणच्याच्या बरण्यांत गेले आणि लोणचे ग्रीसच्या डब्यात आले. ही अदलाबदल पाहुण्यांना आगाऊ सांगितली जात नसे. एकदा मी गेलो तर चुलीवर पातेल्यात काहीतरी उकळत होते. मी म्हणालो, वहिनी, आज काय शिजतंय? त्या म्हणाल्या, "पिस्टन. बसा, जेवून जा." पिस्टन गरम केल्याशिवाय त्यात पिन बसत नाही, हे मला नंतर कळले. मी जेवून गेलो.

जाड कागदाचे पॅकिंग लागत होते. बाजारातले अप्पांना पसंत पडेना. माझ्या जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा त्यांना पसंत पडला. नववी 'ब'चे वर्ष आजही त्या इंजिनात आहे. एरवी तो वर्ग कधी इतका वेळ एका जागी बसला नव्हता.

अप्पा काम करता करता समजावून सांगत. हवेवर थंड होणारे इंजिन कसे चालते, हे मी दोन वर्षांत निदान चाळीस वेळा ऐकले. प्रत्येक वेळी मान डोलावली. आपले विद्यार्थी तास चालू असताना जशी डोलावतात, तशी.

या घरातल्या एका रिवाजाबद्दल सांगतो. मल्लम्मा आईंचा एक तांब्या होता. ओसरीच्या कोनाड्यात, कायम भरलेला. दारी आलेला माणूस पाणी प्यायल्याशिवाय परत गेला नाही. माणूसच कशाला, कावळे, शेजारचे वासरू, तुळस. एकदा पोस्टमनची सायकल उन्हात तापली म्हणून आईंनी तिच्या सीटवरही तांब्या रिकामा केला होता. पोस्टमन त्यानंतर आमच्या गल्लीत उभ्यानेच सायकल चालवत गेला.

आईंनी लहानपणी बैलगाडीतून जाऊन चारठाण्याची देवळे पाहिली होती. अप्पांनी शब्द दिला होता, इंजिन सुरू झाले की पहिली फेरी चारठाण्याची. आई शेजारच्या सीटवर.

ऐंशी सालचा दसरा. गाडीला झेंडूची माळ. आईंनी नवे इरकल लुगडे नेसलेले. इंजिन पहिल्या दमाला सुरू झाले. आवाज असा, की शेजारचे वासरू दावे तोडून गेले. अप्पा हसत होते. अप्पांचे दात मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

जिंतूर नाक्याच्या अलीकडे इंजिन खडखडले आणि थांबले. ते पुन्हा सुरू होईना.

गाडी ओढत घरी आणली. बैल पुन्हा सटवाजींचेच. दसऱ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, झुली घालून त्यांनी शर्यतीची गाडी ओढली, आणि लोकांना वाटले मिरवणूक आहे. काहींनी नमस्कार केला. आई आत बसून होत्या. त्यांनी उतरायला नकार दिला. म्हणाल्या, फेरी ती फेरी.

संध्याकाळी अप्पांनी तेल काढले. घमेले मी धरले होते. तेल काळे यायला हवे. ते दुधाच्या चहासारखे आले, फेस धरलेले. मी विचारले, "अप्पा, हे असंच असतं का?"

अप्पांनी घमेल्याकडे पाहिले. मग कोनाड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "असतं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतःहून सांगितले: माझ्या हातून पिस्टनची रिंग उलटी बसली. बस्स. पुढची सात वर्षे या विद्यालयात 'उलटी रिंग' हे अप्पांचे दुसरे नाव झाले. मुलांनी ते फळ्यावर लिहिले. शिक्षकांनी पुसले, पण सावकाश पुसले. कार्यशाळा अधीक्षकाची जागा निघाली तेव्हा समितीत कुणीतरी म्हणाले, जो घरी रिंग उलटी बसवतो तो शाळेत काय करील? जागा दुसऱ्याला गेली. अध्यक्ष महोदय समितीत होते. त्यांना आठवत असेल. नसेल तर मी आग्रह धरणार नाही.

 अप्पांनी इंजिन पुन्हा खोलले. बेअरिंगा गेल्या होत्या, क्रँक घासली होती. आणखी तीन वर्षे. मग ते चालले, आणि आजवर चालते आहे. आई चारठाण्याला जाऊन आल्या.

इथे माझे भाषण संपवता आले असते. काल रात्रीपर्यंत ते इथेच संपत होते.

पण गेल्या महिन्यात मी अप्पांच्या घरी गेलो. अप्पा बाहेर गेले होते. आईंनी मला जवळ बसवले. म्हणाल्या, "दिनकर मास्तर, आता माझा काय भरोसा. एक सांगून ठेवते. त्या दसऱ्याला इंजिनात पानी मीच घातलं असंल. मला काई याद न्हाई. पर इंजिनावर सापडला त्यो तांब्या माझा होता. लिंगू मला एक सबद बोलला न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी सात वर्षे त्या घरी पाणी पितो आहे, पण कोनाड्यात तांब्या नाही. पाणी वहिनी आतून आणून देतात. तुळशीला वहिनी घालतात. आईंच्या हातात कुणी पाण्याचे भांडे देत नाही. कुणी कारणही सांगत नाही. ज्या घरात कुणी कुणाला दुखवत नाही, तिथे असेच होते.

आई, तुम्हाला आठवत नाही, कारण ते तुम्ही केलेच नाही.

त्या सकाळी अप्पा अंघोळीला गेले होते. वहिनी आरतीचे ताट करत होत्या, तुम्ही लुगडे नेसत होता. मी एकटा गाडीपाशी होतो. ऊन चढत होते. दूरचा रस्ता होता. दारातून निघालेल्याला आपण कोरड्या तोंडी जाऊ देत नाही. बैलाला पाजतो, घोड्याला पाजतो. फाट्यावर एसटी थांबली तर ड्रायव्हर आधी तिला पाजतो, मग स्वतः पितो. चाळीस वेळा ऐकलेले मला पाठ होते. ते मला पटलेलेही होते. फक्त माझा त्यावर विश्वास नव्हता. मी झाकण शोधले. एकच सापडले, ते तेलाचे निघाले. आत अंधार होता. मी कोनाड्यातला तांब्या घेतला आणि पूर्ण ओतला. काटकसर केली नाही. अप्पांची हाक आली तेव्हा घाईत तांब्या तिथेच, इंजिनाच्या झाकणावर ठेवून मी पुढे झालो.

अप्पांनी तो तिथे पाहिला. संध्याकाळी तेल पाहिले. हा मनुष्य बत्तीस वर्षे इंजिने खोलतो आहे. तेलात पाणी आले हे त्याला कळायला क्षण लागला नसेल. त्याने आईला वाचवले. रिंग सरळ होती. ती कधीच उलटी नव्हती. आणि शेजारी घमेले धरून, "हे असंच असतं का" असे विचारणारा जो होता, त्याच्याकडे अप्पांनी पाहिलेही नाही. मराठीच्या शिक्षकावर कुणी संशय घेत नाही.

मला तेव्हा काही कळले नाही, असे मी म्हणणार नाही. अप्पा म्हणाले, असतं कधी कधी. मी म्हटले, तज्ज्ञांचे मत आहे. मग रिंग आली, आणि मी त्या रिंगेला अगदी घट्ट धरून बसलो. स्टाफरूममध्ये हसणाऱ्यांत मी होतो. फळा सावकाश पुसणारा मीच.

अप्पा मला खुणेने बसायला सांगताहेत. अप्पा, सात वर्षे मी बसूनच होतो.

माणिकराव साहेब, अधीक्षकाची जागा आता परत करता येणार नाही, हे मला कळते. पण संस्थेच्या इतिवृत्तात एक ओळ घालता येईल: रिंग सरळ होती. मराठीचा शिक्षक म्हणून तिचे शुद्धलेखन मी स्वतः तपासून देईन. विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला नवे नाव ठेवायचे असेल तर माणूस इथे उभा आहे.

शाल आणि श्रीफळ अप्पांना अध्यक्षांच्या हस्ते मिळेलच. मी माझ्याकडून एक वस्तू आणली आहे. ती अप्पांसाठी नाही. तांब्याचाच तांब्या आहे, इथल्याच कासाराकडचा. येताना शाळेच्या नळावर भरून आणला, म्हणून माझा सदरा भिजला आहे. घामाचा गैरसमज नसावा. आई, तुम्ही उठू नका. मी खाली येतो. हा तुमच्या कोनाड्यात ठेवायचा, आणि वहिनी, कृपा करून तो आत नेऊ नका.

आयोजकांनी मला बोलू दिले, आपण सर्वांनी ऐकून घेतले, पाच मिनिटांची पंधरा झाली तरी कुणी घंटा वाजवली नाही. मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर ते आपण सर्वांनी पोटात घालावे. इंजिनात घातलेल्याची माफी मात्र मी या दोघांकडे मागतो आहे.

आई विचारताहेत, आता निघताना गाडीला थोडे पाणी पाजायचे का.

अप्पा, उत्तर तुम्ही द्या. माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये.