पहिली तक्रार

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, पाणीखात्याचं तुझं नकाशाचं अ‍ॅप झालं?”

“झालं, वन्सं! कोडची एक ओळ न लिहिता, तयार टूल वापरून. साहेबांना दुसरं टूल हवं होतं, दिसायला झकास. पण त्यात तक्रार करायला पूर्ण पत्ता लागतो. पाइप काय पत्ता बघून फुटतो? मी साधंच निवडलं. गळतंय तिथे नकाशावर बोट ठेवायचं, संपलं.”

“साहेबांनी ऐकलं?”

“म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना जमलं नाही तर बंद करू.”

“मग?”

“आज सकाळी सुरू केलं. पहिली खूण थेट आपल्या अंगणातल्या नळावर!”

“आईनं? अगं, तिला फोन उचलता येत नाही धड!”

“खाली लिहिलंय, ‘सूनबाई, घरात सांगून थकले. आता ऑफिसातून माणूस पाठव.’”