नाक तेवढं बाबांचं

किडनीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ रिपोर्ट उघडून बसले होते, बाजूला जेवणाचा डबा.

"ताई, मला नाही निघाला गं आजार."

"असं कसं? बाबांना होता, आत्याला होता, मला आहे. नाक तर बाबांचंच आहे तुझं!"

"नाक आलं, किडन्या नाही आल्या."

"लहानपणापासून असाच तू. हवं तेवढंच उचलायचं! म्हणजे वीस वर्षं आमच्याबरोबर अळणी जेवलास ते फुकटच?"

"अळणी कुठे? खिशात मिठाची पुडी असते माझ्या."

"कुणी शिकवलं हे?"

"बाबांनी. टेबलाखालून द्यायचे."

"बाबा? डॉक्टरांनी मीठ बंद केलेले आपले बाबा?"

"गेले तेव्हाही उशीखाली पुडी होती. मीच उचलली."

"...आत्ता आहे जवळ?"

"आहे."

"मग डबा उघड. आणि डॉक्टर येतायत का, तेवढं बघ."