मंडपवाल्यांचा विमा

तामसीहून आदिलाबादला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एका मंडप डेकोरेशनचे दोन मालक बसले होते. एक पन्नाशी ओलांडलेले चंपतराव, दुसरा त्यांच्याहून लहान खुशाल. दुकानाच्या नावावर दोघांचा आरोग्य विमा काढायला निघाले होते. फॉर्म खुशालच्या मांडीवर होता.

"चंपतराव, तुमची बिमारी काय लिहू?"

"काईच नाही."

"शुगर?"

"नाही म्हणलं ना."

"मंग लग्नात जिलबी काऊन खात नाही तुमी? पयले तर आचाऱ्याजवळच बसून राहत होते."

"हाय थोडी शुगर. तीन वर्सं झाले."

"अन् मले सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मले शिडीवर चढू देलं असतं का, खुशाल?"

"नसतं देलं."

"मंग झालर कोणं बांधली असती?"

"मी बांधली असती."

"तू? दोन वर्सांपासून तू शिडीले हात नाही लावला. खालूनच डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करतं. काऊन?"

"वर गेलं का चक्कर येते मले."

"अन् मले सांगितलं नाही?"

"तुमी दुकान बंद कराची गोष्ट काढली असती."

"लिही. दोघांचं बी खरं लिही. विमावाला काय म्हणते ते पाहू."

"अन् परवा बोथ गावचं लग्न हाय. शिडीवर कोण चढन?"

"कोणीच नाही. मांडवच बुटका टाकू."

"नवरदेव घोड्यावर येऊन राह्यला, चंपतराव."

"मंग उतरू दे त्याले. जेवाले तर उतरनच ना?"