फर्डिनंड सरांनी मोडलेला व्यवहार

माननीय अध्यक्षा ज्ञानदाताई, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले सेक्रेटरी फर्डिनंड सर, त्यांच्या पत्नी सँड्राबाई आणि गच्चीवरच्या या मांडवात वेळात वेळ काढून आलेल्या सर्व सभासद बंधू-भगिनींनो,

मी श्रीपत, तिसऱ्या मजल्यावरचा. वालीवच्या कारखान्यांत सारी उमर यंत्रांच्या आवाजात गेली, त्यामुळे सभेत बोलायची सवय नाही. पण सर उद्या गासला आपल्या वाडीत राहायला जाणार. म्हणून एक गोष्ट आजच सांगायला हवी.

सत्त्याण्णव साली मी कामाला होतो तो पहिला कारखाना बंद पडला. इथला ब्लॉक विकावा आणि राजापूरला दुकान टाकावं, असं मी ठरवलं. गिऱ्हाईकही मिळालं: जयवंत आणि मीरा, परळचं नवं जोडपं. मी त्यांना आधी गॅलरी दाखवली. मीराबाईंना वारा आवडला. बोलणी जवळजवळ पक्की झाली आणि उतरताना जयवंतरावांनी जिन्यात सरांना सहज विचारलं, "घर घेण्याआधी काय बघावं हो?"

सरांनी दोघांना घरात बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "गॅलरी शेवटी बघा. आधी विचारा, जमीन कुणाच्या नावावर आहे? आमची अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. सभांची इतिवृत्तं मागून वाचा, सोसायटीतली भांडणं त्यात दिसतात. पाणी दिवसाआड येतं. आणि भर पावसात एकदा येऊन छत बघून जा."

ते जोडपं पुन्हा आलं नाही.

मी तणतणत सरांच्या दारात गेलो. "सर, तुम्ही माझा व्यवहार मोडलात!"

"श्रीपतराव, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तुम्ही घर घेतलंत, तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

कुणालाच नाही. मी लाद्या बघितल्या होत्या, बाकी काही नाही. पण खरं बोलणाऱ्यावर माणूस खूश होतो का? उलट माझा राग वाढला.

आठवड्याभरात फलकावर एक निनावी कागद लागला. जुन्या सभासदांना आठवत असेल: 'सेक्रेटरी दलालांशी संगनमत करून व्यवहार मोडतात.' सरांनी राजीनामा दिला. पुढे दीड वर्ष सोसायटीचं एक काम हललं नाही. राजापूरची दुकानाची जागा माझ्या चुलतभावाने घेतली. मी दुसऱ्या कारखान्यात लागलो आणि इथेच राहिलो.

शेवटी सर्वांनी सरांना हातापाया पडून परत आणलं. त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात उभे! म्हणाले, "जमिनीच्या मूळ मालकीण जुलियानाबाई नंदाखालला असतात. उद्या जायचंय. सोबत चला."

गेलो. बाई ओसरीवर बसून वाल सोलत होत्या. सरांनी जमिनीच्या कागदावरच्या सहीचा विषय काढला, तशा त्या म्हणाल्या, "मी कवा नाय म्हनाले? माझ्याकडं कोनी आलाच नाय!" बिल्डर गायब होता आणि आम्ही इतकी वर्षं त्याचीच वाट बघत बसलो होतो. त्यानंतरही तीन वर्षं खेटे घालावे लागले. गेल्या साली जमीन आपल्या सोसायटीच्या नावावर झाली. कागद हातात आला, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "आता छताचं बघू या."

आता, भाषणाच्या शेवटी चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणायची रीत आहे. माझं तेवढ्या मोघम बोलण्यावर भागणार नाही.

तो कागद मी लिहिला होता. डाव्या हाताने.

सर, तुम्ही शाळेत जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यात. तुम्ही माझं अक्षर ओळखलं होतंत का, आणि ओळखूनही नंदाखालला मलाच नेलंत का, हे विचारायचं धाडस मला इतक्या वर्षांत झालं नाही. सँड्राबाई, त्या दिवसांत जिन्यात तुम्हाला बघून बायका गप्प व्हायच्या. त्याला कारण मी. तुम्हा दोघांची मी या सभेसमोर माफी मागतो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. ताई, मी एवढ्यात खाली बसत नाही. सर काय म्हणतात, ते मला उभं राहूनच ऐकायचं आहे.