ओव्हरकोट तळघरात उतरतो

...आणि दिसत काय होतं म्हणता? काळोख! तुम्हाला सांगतो, अर्ध्या जगावर राज्य केलं या ब्रिटिशांनी, पण यांच्या पोलिसाला तळघरात शिरताना दिव्याचं बटण दाबायचं सुचत नाही! सीझनचा शेवटचा भाग, आता खुनी सापडणार, आणि आमचा इन्स्पेक्टर एवढीशी बॅटरी घेऊन चर्चच्या तळघरात उतरतोय... तीसुद्धा स्वतःच्याच बुटांवर मारत! अरे, खुनी काय बुटात लपलाय?

आम्ही त्याला ओव्हरकोट म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि मधुवंती, माझी बायको. इथे परदेशात, टूवूंबात, आलो तेव्हापासूनचा रिवाज. रविवारी दुपारी तिची हॉस्पिटलची शिफ्ट नसली की मांडीवर मुगाच्या खिचडीचं ताट, भाजलेला पापड आणि समोर ओव्हरकोट. मी युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, इंजिनिअरिंग शिकवतो, पण मालिकेतली ती माणसं काही मला एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत, आता काय करू? सगळे उंच, सगळे करडे, सगळे दुःखी! मी विचारायचो, "अगं, हा मघाशी मेला ना?" की ही, "अरे हेम, तो त्याचा भाऊ. खिचडी खा." आणि प्रेत आलं की डॉक्टरीणबाई पुढे सरकून बसणार, पापडाने पडद्याकडे बोट दाखवणार, "हा बुडून मेलेला नाही. मुळात मेलेलाच नाही, छाती हलतेय बघ!" असं कुणी टीव्ही बघतं का हो? पण मला कळायचं ते तिच्यामुळेच. नाहीतर काळोख!

या सीझनला दुसऱ्याच भागात तिने जाहीर केलं, "पाद्री." मी म्हटलं, अगं, किती गोड म्हातारा तो, बेवारशी मांजरं पाळतो! "म्हणूनच. लाव पैज. पाद्री निघाला तर यापुढे खिचडीचं पातेलं तू घासायचंस. नाही निघाला तर मी." घरात डिशवॉशर आहे, पण ते जाड पितळी पातेलं त्यात घालायचं नाही, हा तिचा कायदा. आणि दुसरा कायदा, एकट्याने पुढचा भाग बघायचा नाही.

मग शेवटचा भाग राहिला. आधी तिच्या शिफ्टा, मग तिच्याच तपासण्या, मग उपचार... "जरा बरं वाटू दे, मग बघू रे." मार्चमध्ये ती गेली. भाग तिथेच. टीव्ही लावला की कोपऱ्यात येतंच, 'पुढे बघा'. अरे, तुला एवढी काय घाई आहे?

आमची मुलगी ईशानी लांब, पॉइंट कुकला असते. दर फोनला तेच, "बाबा, जस्ट वॉच इट! आईला आवडलं असतं." शेवटी गेल्या रविवारी बसलो. खिचडी केली, पापड भाजला, आणि पडद्यावर दिसतोय कोण? मीच! अर्धा सोफा आणि मी! इथलं दुपारचं ऊन म्हणजे काय विचारता, आणि पडदे मधुवंतीच्या पसंतीचे, आरपार उजेड येणारे. मग सोलापुरी चादर काढली, स्टुलावर चढून खिडकीवर ताणतोय, तर बाहेर शेजारचा केव्हिन झारी घेऊन उभा. "यू राइट, मेट?" मी आतून ओरडलो, "नो वरीज, केव्हिन! जस्ट अ मर्डर!" तो बिचारा अजून माझ्याकडे जपूनच बघतो.

बरं, एवढं करून दिसलं काय? काळोख! कोपऱ्यातून कुणीतरी पुढे आलं. तो झगा होता, की रेनकोट? देव जाणे! ओव्हरकोट म्हणाला, "सो इट वॉज यू." अरे, कोण यू? नाव घे की मेल्या! मग किंकाळी, मग धप्प... आणि नावं वर सरकायला लागली.

मी सवयीने बाजूला वळून विचारलं, "अगं, कोण होता तो?"

खिचडी खा, असंही कुणी म्हटलं नाही.

ईशानीला फोन लावला. "बाबा, फायनली! वेडं एंडिंग आहे ना?"

"दिसलंच नाही काही!"

"इट्स मेंट टु बी डार्क, बाबा. इट्स आर्ट! म्हणजे तुला कळलंच नाही? अरे, तो..."

"थांब! सांगू नकोस!"

"बट यू जस्ट वॉच्ड इट!"

"पैज आहे आमची. तुझ्या आईला सोडून निकाल लावू?"

पोरगी हळूच मराठीत म्हणाली, "मग तोपर्यंत पातेलं कोण घासणार?"

कोण घासणार? मीच! आणि ते पातेलं दोघांच्या मापाचं... एकट्यापुरती खिचडी टाकली ना, तर दर वेळी तळाला लागते हो!